शालनची ओटी

आमच्या घरी रेडिओ आला तो बाबांच्या डोक्यावरून. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये ते हमाल होते. ओझं म्हटलं की ते डोक्यावरच घ्यायचं असतं अशी त्यांची समजूत असावी, कारण ते एवढंसं खोकं त्यांनी बसथांब्यापासून घरापर्यंत टॉवेलाच्या चुंबळीवर ठेवून आणलं. दवनीवाड्याच्या बाजूचं आमचं गाव तेव्हा संध्याकाळी लवकर गप्प होई. धानाच्या बांध्या, बोडीच्या तळ्यातल्या बेडकांचा ओरडा, आणि घराघरांतून झिंग्याच्या भाजीचा वास. त्यात हा नवा पाहुणा आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या कौलारू पडवीत, खुंटीला टांगला गेला आणि आमचं घर एकदम गावाच्या नजरेत भरलं. सेल उतरले की मोठी माय ते काढून उन्हात वाळत घाली, कुरड्या घालाव्या तसे. ऊन खाऊन त्यांना खरंच थोडा जीव येई, आणि तेवढ्या जिवावर एखादी श्रुतिका निघून जाई.

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा तापानं गेले तेव्हा तिचं वय फारसं नव्हतं, आणि पाठोपाठ माझी आई माझ्या जन्माच्या वेळी गेली. घरात उरले एक दीर, एक भावजय आणि एक तान्ही पोर. दीर मिलमध्ये पोती उचलायचा, भावजय सपरीत बसून विड्या वळायची, आणि मी तिच्या मांडीवरच्या सुपाशी जागेसाठी भांडत मोठी झाले. अशा घराबद्दल गाव बोलणार नाही असं कसं होईल? मोठी माय त्यावर एवढंच म्हणायची, "बोलनाऱ्याचं तोंड दुखन, आपलं का जाते?"

दर गुरुवारी संध्याकाळी नागपूर केंद्रावरून एक कौटुंबिक श्रुतिका लागायची. शेजारच्या बाया आपापलं सूप काखेत मारून आमच्याकडे येत. भिजवलेली तेंदूपानं, तंबाखूचा झणका, कात्र्यांची कटकट, आणि मध्येच एखादीचं खोकणं. श्रुतिकेतली शालन नावाची सून बिचारी अनाथ होती. मामानं तिचं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. सासू कजाग, नवरा मुखदुर्बळ. नवरा बोलायला लागला की बाया त्याला सपरीतूनच शिव्या घालत. शालन रडायला लागली की कात्र्या थांबत आणि मधेच खताची जाहिरात आली की पुन्हा सुरू होत. हात कामात आणि कान मोकळे, अशा माणसासाठी रेडिओसारखं दुसरं काही नाही. आता माझा नातू कानात बोंडं घालून मोबाइलवर गोष्टी ऐकतो आणि एकटाच हसतो, तेव्हा मला त्याच्या एकटेपणाची कीव येते. मग आठवतं की त्या भरल्या सपरीत मीसुद्धा एकटीच ऐकत होते.

कारण मी गोष्ट कमी आणि आवाज जास्त ऐकायची. शालनचा आवाज! स्वच्छ, जरा ओलसर, प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवल्यासारखा. ती "मला फार वाईट वाटतं हो" म्हणाली की मला वाटे, वाईट वाटावं तर असं. आमच्याकडे वाईट वाटलं की बाया छाती पिटत आणि नाक शिंकरत. श्रुतिका संपली की मी घरामागं तणसाच्या ढिगाआड जाई आणि शालनची वाक्यं कोंबड्यांना म्हणून दाखवी. हळूहळू कोंबड्यांची गरज उरली नाही. शाळेत धडा वाचायला मीच उभी राहू लागले, आणि बाहेरगावाहून आलेल्या बाईंनी एकदा विचारलं, "ही मुलगी मूळची कुठली?" त्या प्रश्नानं मी आठवडाभर जमिनीवर पाय टेकवले नाहीत. पोरं मला 'रेडिओबाई' म्हणून चिडवत. मला तो मान वाटे. घरी येऊन मी मोठ्या मायला सुधारायला बसे. "मले नाही, मला म्हण." ती म्हणे, "बरं बेबी, मला. पन आंधी जेवाले ये, भात थंडा होऊन राहिला."

हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा ते हसण्यावारी नव्हतं. मला घराची लाज वाटू लागली होती. शेणानं सारवलेल्या भुईची, पेजेच्या भांड्याची, बाबांच्या मानेवरच्या गाठीची. सगळ्यांत जास्त मोठ्या मायची, कारण तीच सगळ्यांत जास्त बोलायची आणि मोठ्यानं बोलायची. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि बिचाऱ्या नाकाला त्याचा पत्ताच नव्हता. माझ्या वाचण्याचं कौतुक ती बाजारात अनोळखी बायांना थांबवून सांगे.

मग एका गुरुवारी शालनला सातवा महिना लागला. नवऱ्यानं चाचरत ओटी भरण्याचा विषय काढला, आणि सासू म्हणाली की जिला माहेर नाही तिची ओटी कसली भरायची. शालनचा नुसता हुंदका गिळल्याचा आवाज आला आणि भाग संपल्याचं संगीत सुरू झालं. त्या दिवशी जाहिरात लागली तरी आमच्या सपरीतल्या कात्र्या सुरू झाल्या नाहीत. मोठी माय उठली, हात धुतले आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली.

याचं कारण मला तेव्हा अर्धवटच ठाऊक होतं. माझ्या आईला सातवा लागला तेव्हा आजोबा वारले होते. सुतक झालं, मग धान कापणी आली, पुढं पाहू पुढं पाहू म्हणता ओटी राहून गेली. माहेरी पाठवायचंही राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मायनं विडी वळता वळता ते स्वतःच सांगितलं. "मी बोलली असती त झालं असतं. पन रांडमुंड बाईनं शुभकार्यात कायले तोंड घालाव, म्हनून गप रायली. अन् ते मरून गेली." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "शालनची ओटी आपन भरू."

मी कपाळावर हात मारला. "मोठी माय, ते नाटक आहे. शालन खरी नाही."

"मले का कळत नाही?" ती म्हणाली. "दंडारीच्या खेळात राजा मरते अन् पडद्यामागं जाऊन बिडी पेटवते, पायलं हाय मी. पन काल रडून राहिली ते कोन? ते रडनं त कोनाच्या तरी पोटातून आलं ना?"

बाबांनीही समजावून पाहिलं. "वहिनी, लोकं हसतीन जी."

"हसू दे. दात दिसतीन त त्यायचेच दिसतीन."

शेवटी बाबाच गोंदियाहून नारळ आणि हिरवं झंपराचं कापड घेऊन आले. मोठ्या मायनं चिन्नोर तांदूळ सुपात घेतला आणि ओटीत तुटका दाणा जायला नको म्हणून एकेक कणी वेचून काढली. सपरीभर त्या तांदळाचा वास. हळकुंड, सुपारी, गुळाच्या पाकात वळलेले मुर्ऱ्याचे लाडू, असं सगळं एका पांढऱ्या धडप्यात बांधलं. मला जवळ घेऊन बजावलं, "ओटी तू भरजो, कुवारीचा हात चालते. माया हात नाही लागला पायजे तिच्या ओटीले. म्हनूनच नेऊन राहिली तुले."

मी जायला तयार झाले, पण ओटीसाठी नव्हे. मला शालनला माझा आवाज ऐकवायचा होता. गाडीत खिडकीशी बसून मी मनात घोकत होते: नमस्कार, मी आपली नियमित श्रोती आहे. मग ती म्हणेल, किती सुंदर बोलतेस गं, कुठली तू? इथपर्यंत आलं की गाडी अडायची, कारण पुढचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. माझ्याकडे धड कपडा एकच, शाळेचा निळा-पांढरा गणवेश. तो मी घातला होता, वेण्यांना रिबिनी बांधल्या होत्या. समोर मोठी माय पाय वर घेऊन बसली होती, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गाठोडं पोटाशी. डब्यातल्या सगळ्यांना ती सांगत होती, "पोरीच्या ओटीले जाऊन राहिलो जी. सातवा हाय." लोक विचारत, पोरगी कुठं दिली? ती म्हणे, "रेडिओत." मी बाहेर पाहत राहिले. तुमसरपासून नागपूरपर्यंत मी आत मान वळवली नाही.

रेडिओ केंद्राच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मोठी माय मागं राहिली होती. गाठोडं या कमरेवरून त्या कमरेवर घ्यायला ती थांबली, आणि मी पुढं झाले. चौकीदाराला मी ठेवणीतला आवाज काढून म्हटलं, "नमस्कार. आम्हाला जरा आत जायचं होतं." त्यानं माझा गणवेश पाहिला. आत झाडाखाली तसल्याच निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली उभ्या होत्या, मुलांच्या कार्यक्रमासाठी शहरातल्या कुठल्या तरी शाळेतून आलेल्या. तो म्हणाला, "उशीर केला तुम्ही. जा, तिकडं सावलीत थांबा. मॅडम बोलावतील." मी एक शब्द बोलून त्याची चूक दुरुस्त करू शकत होते. मी आत गेले. मनाला सांगितलं, दोन मिनिटं. शपथ घेऊन सांगते, दोनच मिनिटं असंच मनात होतं.

तेवढ्यात मोठी माय फाटकाशी आली. चौकीदारानं आडवा हात धरला. "काय पायजे बाई?"

"शालनले भेटाचं हाय जी."

"कोन शालन?"

"रेडिओतली. सातवा लागला तिले. ओटी आनली."

चहाला बाहेर आलेले दोन बाबू आधी हसले. मग चौकीदार हसला. मग मुलींमध्ये खसखस पिकली. माझ्याशेजारची मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं ऐकलंस का? रेडिओतली बाई बाळंत होणार म्हणे!" तिचा आवाज शालनसारखाच घासूनपुसून ठेवलेला होता आणि हात माझ्या खांद्यावर होता. मी हसले. आवाज न करता, पण दात दिसले. मोठी माय नेमकी त्याच वेळी मला शोधत होती. तिची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढं सरकली, एखाद्या अनोळखी माणसावरून सरकते तशी.

एका बाबूला मजा वाटत असावी. तो आत जाऊन खरोखरच शालनला घेऊन आला. त्या दिवशी तिचं ध्वनिमुद्रण होतं. मी पाहतच राहिले. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, निम्मे केस पांढरे, खांद्याला लावलेल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. तोंड उघडलं तेव्हा मात्र आवाज तोच. "मला भेटायला आलात का बाई? अहो पण मी काही गरोदर नाही. मला नातवंडं आहेत." पुन्हा हशा.

मोठी माय हसली नाही आणि ओशाळलीही नाही. "दिसते जी मले," ती म्हणाली. "तुमची नाही, शालनची हाय ओटी. तिले मायेर नाही ना. तुमी तिचं रडनं रडता, त तिची ओटी बी तुमीच घ्या. आमच्या घरची एक पोरगी अशीच ओटीबिगर गेली जी."

हसणं थांबलं. कोणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग त्यांनी मोठ्या मायच्या कुंकू नसलेल्या कपाळाकडं पाहिलं. त्या जुन्या वळणाच्या होत्या, रीत त्यांना माहीत होती. हळूच म्हणाल्या, "ओटी भरायला तुमच्याबरोबर कोणी आलंय का?" आणि त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे. "ती मुलगी मघापासून तुमच्याकडंच बघतेय. तुमची का?"

एक पाऊल पुढं टाकायचं होतं. शेजारणीचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो काही वजनदार नव्हता. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, मला मात्र नुसतं तिथं, त्या मुलींमध्ये, तसंच उभं राहायचं होतं.

मोठ्या मायनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहानपणी मी अंथरूण ओलं केलं की बाबांना कळायच्या आत ती गोधडी उचलून न्यायची, तेव्हा पाहायची तसं पाहिलं.

"नाही जी," ती म्हणाली. "माया संगं कोनी नाही. मी एकटीच आली."

मग तिनं गाठोडं सोडलं, हात लुगड्याला पुसले आणि जो हात लागायला नको म्हणून मला एवढ्या लांब आणलं होतं त्या हातानं तांदूळ ओंजळीत घेतला. बाईंनी पदर पसरला. खण, नारळ, हळकुंड, सुपारी. कुंकवाची पुडी मोठ्या मायनं उघडली नाही, तशीच ओटीत ठेवली. बाई अगदी शालनच्या आवाजात म्हणाल्या, "येईन हो माय, बाळंतपणाला तुझ्याकडंच येईन." आणि या वेळी त्या रडल्या ते श्रुतिकेतलं नव्हतं. मोठी माय त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी ते सगळं दहा पावलांवरून पाहिलं. त्या बाईंशी मी एक शब्दही बोलले नाही.

नंतर ती फाटकाबाहेर निघाली, माझ्याकडं न पाहता. मी काही तरी निमित्त काढून मुलींमधून सटकले आणि रस्त्यावर आले तर ती कुठंच नव्हती. कोपऱ्यापलीकडं, फाटकातून दिसणार नाही अशा जागी, पाठ करून उभी होती. माझी वाट पाहत होती. मी तिच्याबरोबर जाताना कोणी पाहू नये म्हणून तिनं तो कोपरा निवडला होता हे मला तिथल्या तिथं कळलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती घराची नव्हती.

"भूक लागली असन," ती म्हणाली. "लाडू खाय. एक ठेवला तुयासाठी."

परतीच्या गाडीत मी दोनदा तोंड उघडलं. "मोठी माय, मी..." म्हटलं की ती खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी सांगे. शेवटी म्हणाली, "आवाज मोठा गोड हाय वो तिचा. तुयासारखाच." पुढच्या गुरुवारी श्रुतिकेत ओटीचा उल्लेखही आला नाही. बाया म्हणाल्या, काय झालं तुझ्या ओटीचं? मोठी माय म्हणाली, "सासूले कायले सांगन ते? लपवून ठेवली असन पोरीनं."

मला वाटलं होतं, ती विसरेल. ती विसरली नाही, शिकली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी निवेदन केलं तेव्हा बाबा पुढं बसले, आणि ती शेवटच्या रांगेमागं, चपलांच्या ढिगाशी. बाजारात माझं कौतुक सांगणं बंद झालं. मी डी.एड. करून गोंदियात नोकरीला लागले. मला पाहायला शहरातली मंडळी आली तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. कोणी तरी विचारलं, आत कोण आहे? तीच आतून म्हणाली, "कामाले हाय जी मी." मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होते. तेव्हाही मी गप्प राहिले. रेडिओ केंद्रातल्या त्या दिवशी मी पोर होते, पण या दिवशी नव्हते. लोक आजही म्हणतात, बाई, तुमचं बोलणं ऐकून तुम्ही इकडच्या वाटत नाही. आयुष्यभर मी हे कौतुक म्हणून घेत आले.

ती आजारी पडली तेव्हा मी तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. खोलीत चार-सहा खाटा, प्रत्येक खाटेभोवती माणसं. नर्सनं दारातूनच मोठ्यानं विचारलं, "या आजीचं कोण आहे?"

मी पुढं झाले. "मी. मुलगी."

मोठ्या मायनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं नाही, इतर खाटांकडं पाहिलं, कोण कोण आहे ते. मग सगळा जीव एकवटून नर्सला म्हणाली, "नाही जी. शाळेतल्या मॅडम हायेत त्या. भेटाले आल्या."

त्या! मला ती त्या म्हणाली. नर्स गोंधळून माझ्याकडं पाहू लागली. मी मोठ्या मायचा हात दोन्ही हातांत धरला आणि कित्येक वर्षांत जिभेवर न आलेली आमची बोली आपोआप बाहेर पडली, खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी बेबी आहो, मोठी माय! तुयीच पोट्टी आहो. सांग ना त्यायले."

तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्या तोंडावर ठेवला. "हळू बोल बेबी," ती कुजबुजली. "लोकं आयकून राहिले."